नागपुरातल्या मुलांना कंपनीचा ईमेल वाचायला शिकवा

नागपुरात इंग्रजी शिकवण्याचा सगळा कारभार बोलण्याभोवती उभा आहे. सीताबर्डीपासून नंदनवनपर्यंत पाट्या वाचत गेलं, तर बहुतेकींवर स्पोकन इंग्लिश आणि पर्सनॅलिटी डेव्हलपमेंट. मुलाखतीत स्वतःची ओळख कशी करून द्यायची, ग्रुप डिस्कशनमध्ये कसं तोंड उघडायचं, एवढ्यावर पालकांचे हजारो रुपये जातात. मुलाखत मात्र पंधरा-वीस मिनिटांत संपते. नोकरी लागते, मिहानमधल्या एखाद्या आयटी कंपनीचं किंवा बुटीबोरीतल्या कारखान्याचं ओळखपत्र गळ्यात येतं आणि त्यानंतर त्या पोराच्या, पोरीच्या वाट्याला येणारं इंग्रजी बहुतेक वाचायचं असतं. बोलायला आजूबाजूला मराठी आहे, हिंदी आहे. इनबॉक्स मात्र पूर्ण इंग्रजीत.

त्या इनबॉक्समधले सगळ्यात जास्त परिणाम करणारे ईमेल कामाबद्दल नसतातच. ते कंपनीच्या रचनेबद्दल असतात. दोन विभाग एक झाले. अमुक साहेब पुण्याला गेले, त्यांची टीम आता तमुक मॅडमकडे. खरेदीची मंजुरी यापुढे हेड ऑफिसची. नागपूरचं युनिट पहिल्या तारखेपासून दुसऱ्या कंपनीच्या नावावर. आठ-दहा ओळींचा मजकूर, सभ्य भाषा, शेवटी शुभेच्छा. तो नीट वाचता आला नाही, तर रजेचा अर्ज चुकीच्या माणसाकडे जातो, बढतीची शिफारस ज्यानं करायची त्याला आपलं नावही ठाऊक नसतं आणि आपला मालक बदलला हे पगाराची स्लिप हातात पडल्यावर कळतं.

म्हणून माझी मागणी अशी आहे. नागपूर विद्यापीठाच्या सक्तीच्या इंग्रजीत, आयटीआय आणि पॉलिटेक्निकमध्ये, सरकारी खर्चानं चालणाऱ्या कौशल्य वर्गांत इंग्रजी आकलनाचा सराव अशा ईमेलवर व्हावा. आणि त्याच्याही आधी कंपनी म्हणजे काय, ती आतून कशी रचलेली असते, हे मुलांना मराठीतून शिकवावं. या दोन मागण्यांतली दुसरी मला जास्त महत्त्वाची वाटते, कारण पहिली तिच्यावरच उभी आहे.

मुलांना असा एखादा ईमेल वाचायला दिला की ती अडखळत का होईना, वाचतात. अवघड शब्द मोबाइलवर शोधतात. मग विचारावं, "हे वाचल्यावर तुझी रजा आता कोण मंजूर करणार?" वर्ग गप्प. मागून एखादा प्रामाणिकपणे म्हणतो, "सर, शब्द तर सगळे येतात जी, पण झालं का, थेच नाही समजत." या मुलाला इंग्रजी येत नाही असा निष्कर्ष काढून आपण त्याला पुन्हा काळ आणि शब्दयोगी अव्ययांच्या तासाला बसवतो. त्याची अडचण तिथं नाहीच.

१९८८ साली अमेरिकेत डॉना रेक्ट आणि लॉरेन लेस्ली या दोघींनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. सातवी-आठवीतल्या ६४ मुलांना त्यांनी बेसबॉलच्या सामन्याचं वर्णन वाचायला दिलं. काही मुलं वाचनात हुशार होती, काही कच्ची. दोन्ही गटांत निम्म्यांना बेसबॉल चांगला कळत होता, निम्म्यांना नाही. वाचून झाल्यावर मैदानाच्या छोट्या प्रतिकृतीवर लाकडी खेळाडू हलवून काय घडलं ते दाखवायचं आणि सांगायचं. वाचनात कच्ची पण बेसबॉल जाणणारी मुलं, वाचनात हुशार पण बेसबॉल न जाणणाऱ्या मुलांपेक्षा सरस ठरली. आकलन ही कुठल्याही मजकुरावर सारखीच चालणारी शक्ती आहे हा आपला समज त्या प्रयोगानं पार हलवून टाकला.

नागपुरात याची खात्री करून घ्यायला बेसबॉल लागत नाही. २०१७-१८ च्या मोसमात विदर्भानं पहिल्यांदा रणजी करंडक जिंकला. इंदूरच्या अंतिम सामन्यात रजनीश गुरबाणीनं दिल्लीविरुद्ध हॅटट्रिक घेतली. त्या दिवसाची इंग्रजी बातमी शब्दशः सगळी येत नसलेल्या मुलालाही समजते, कारण तिच्यामागचं मैदान त्याच्या डोक्यात आधीपासून आहे. स्लिप कुठं उभी असते, यॉर्कर कुठं पडतो, हे त्याला भाषेनं शिकवलेलं नाही. कंपनीच्या ईमेलमागचं मैदान मात्र त्याला कोणी दाखवलेलंच नाही. ज्याच्या घरी आई-वडील, काका-मामा कंपनीत आहेत, त्याला ते जेवताना कानावर पडून कळतं. रामटेक, काटोल, भिवापूरहून येणाऱ्या, घरातली पहिलीच नोकरी करणाऱ्या मुलीला ते कुठून कळणार? दोघं एकाच बेंचवर बसून एकच उतारा सोडवतात आणि मार्क पडतात ते इंग्रजीच्या नावाखाली.

हे मैदान शिकवायला नागपूरइतकं सोयीचं शहर शोधून सापडणार नाही. घरातल्या विजेपासूनच सुरुवात करता येते. ६ जून २००५ रोजी महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाचं विभाजन झालं आणि एका मंडळाच्या चार कंपन्या झाल्या. कोराडी-खापरखेड्याला वीज तयार करते ती महानिर्मिती. मोठ्या मनोऱ्यांवरून ती वाहून नेते ती महापारेषण. घरी बिल पाठवते ती महावितरण. या तिघींचे भागभांडवल सांभाळणारी वर एक सूत्रधारी कंपनी. लोक अजूनही सगळ्याला 'एमएसईबी' म्हणतात आणि तक्रार करताना त्यानं फारसं अडत नाही. पण महावितरणमध्ये लागलेल्या मुलाची सेवापुस्तिका महानिर्मितीत नसते, आणि एकीतून दुसरीत जाणं म्हणजे साधी बदली नव्हे, हे समजलं की सूत्रधारी कंपनी आणि उपकंपनी या दोन कल्पना कायमच्या पक्क्या होतात.

मग सिव्हिल लाइन्समधल्या कोल इस्टेटपाशी थांबावं. तिथं वेस्टर्न कोलफील्ड्स या कोळसा कंपनीचं, म्हणजे वेकोलिचं, मुख्यालय आहे. या कंपनीला स्वतःचं संचालक मंडळ आहे, स्वतःचे अध्यक्ष आहेत. पण तिचे सगळे शेअर कोलकात्याच्या कोल इंडियाकडे आहेत. खाली येत गेलं की क्षेत्र, उपक्षेत्र आणि शेवटी प्रत्यक्ष खाण. उमरेडच्या खाणीत काम करणाऱ्या माणसाच्या पगाराचा मोठा प्रश्न नागपुरात सुटत नाही, हे त्याच्या घरातलं प्रत्येक माणूस जाणतं. कुठला निर्णय कुठल्या पायरीवर होतो हे ओळखणं यालाच रचना वाचणं म्हणायचं. मेट्रोचं उदाहरण वेगळं: महामेट्रोत केंद्र आणि राज्य सरकारचा निम्मा-निम्मा वाटा आहे. तिथल्या मोठ्या निर्णयाला दोन घरची संमती का लागते, हे त्या एका वाक्यात कळतं.

आणि रेल्वे! या शहरात रेल्वेचे नागपूर विभाग दोन आहेत. एक मध्य रेल्वेचा, मुंबईला उत्तर देणारा. दुसरा दक्षिण पूर्व मध्य रेल्वेचा, बिलासपूरला उत्तर देणारा. दोघांनाही आपापले विभागीय व्यवस्थापक आहेत. शहर एक, नाव एक, वर बसलेलं मुख्यालय वेगळं. पुढे एखाद्या मुलीला ईमेल येईल की नागपूरला बसणारी तिची टीम आता चेन्नईच्या युनिटचा भाग आहे, तेव्हा तिला गोंधळायचं कारण उरणार नाही. रेल्वेचा उल्लेख आला आहे म्हणून सांगतो, ज्याला आपण ऑर्ग चार्ट म्हणतो त्याची सगळ्यात जुनी गाजलेली आकृतीही एका रेल्वे कंपनीचीच आहे: न्यूयॉर्क अँड ईरी, १८५५, अधीक्षक डॅनियल मॅकॅलम यांच्या काळातली. ती झाडासारखी आहे. संचालक मंडळ मुळाशी, फांद्या वर पसरलेल्या, टोकाला स्टेशनांवरची माणसं. लांबलचक मार्गावर कोण कोणाला जबाबदार, हे तोंडी सांगून भागेना म्हणून ती काढावी लागली.

कंपनीच्या जगातली सर्वांत अवघड मानली जाणारी गोष्ट तर गावाकडच्या मुलांना सगळ्यात सोपी जाते. एका माणसाचे दोन वरिष्ठ: एक पगार आणि मूल्यमापन ठरवणारा, दुसरा रोजचं काम सांगणारा. कंपन्यांच्या बोलीत त्यातल्या दुसऱ्या नात्याला डॉटेड लाइन म्हणतात आणि त्यावर मॅनेजमेंटचे तास होतात. ग्रामसेवक (आता पदाचं नाव ग्रामपंचायत अधिकारी) वर्षानुवर्षं हेच जगतो. तो ग्रामपंचायतीचा सचिव, रोज सरपंचासमोर बसणारा. पण नोकरी जिल्हा परिषदेची आणि वरिष्ठ पंचायत समितीतले गटविकास अधिकारी. सरपंच आणि बीडीओ यांचं पटत नसलं की ग्रामसेवकाचं काय होतं, हे मौदा-पारशिवनीच्या मुलाला सांगावं लागत नाही. फळ्यावर एक भरीव रेघ, एक तुटक रेघ काढून दाखवायची. मुलं मान डोलावतात, आणि तोच कागद इंग्रजी ईमेलशेजारी ठेवला की ईमेलही उलगडतो.

कागद वाचण्याचं शिक्षणही मराठीत तयार आहे, आपण त्याच्याकडे तसं पाहिलेलं नाही एवढंच. शासन निर्णय घ्या. शेवटी छापलेलं असतं, 'महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने'. खाली सही कक्ष अधिकाऱ्याची किंवा उपसचिवाची. त्याखाली 'प्रत' म्हणून लांबलचक यादी. निर्णय कोणाच्या नावानं, सही कोणाची, माहिती कोणाकोणाला आणि अंमलबजावणी कोणाकडे, अशी चार वेगवेगळी उत्तरं एकाच कागदात असतात. 'निर्णय घेण्यात आला आहे' या वाक्यात निर्णय घेणारा माणूस दिसत नाही, हेही मराठी वाचकाच्या अंगवळणी पडलेलं आहे. कंपनीचा ईमेल नेमका असाच लिहिलेला असतो. सही एचआरची, निर्णय संचालक मंडळाचा, टू मध्ये एक नाव, सीसी मध्ये सहा. एक शासन निर्णय मराठीत चिरून पाहिलेला विद्यार्थी इंग्रजी परिपत्रकासमोर घाबरत नाही.

सराव कसा असावा, ते नुसतं तत्त्वात सांगून उपयोग नाही. समजा, बुटीबोरीत यंत्रांचे सुटे भाग बनवणारा एक कारखाना आहे, मुख्यालय पुण्यात. वर्गाला चार ईमेलची साखळी दिली आहे. पहिला पुण्याच्या एचआरचा: १ जुलैपासून बुटीबोरी आणि चाकण इथली भांडारं पुण्यातल्या सप्लाय चेन प्रमुखांच्या अखत्यारीत येतील, कारखान्याचे प्रमुख रोजच्या कामापुरतं मार्गदर्शन करतील. दुसरा बुटीबोरीच्या प्रमुखांचा: पन्नास हजारांवरची खरेदी यापुढे मंजुरीसाठी पुण्याला पाठवा, त्याखालची पूर्वीसारखीच माझ्याकडे. तिसरा ४ जुलैचा, भांडारातल्या कनिष्ठ अधिकाऱ्याचा: सत्तर हजारांच्या बेअरिंगची मागणी आम्ही २७ जूनलाच नोंदवली होती, तिच्यावर सही कोणाची घ्यायची? चौथा पुण्याहून, एका ओळीचा: मागणीच्या तारखेनुसार चालावं.

आता प्रश्न. सही कोणाची? उत्तर चारपैकी कुठल्याच ईमेलमध्ये लिहिलेलं नाही. तारीख पहिल्यातून, रक्कम दुसऱ्यातून, घटना तिसऱ्यातून आणि नियम चौथ्यातून घ्यायचा, तेव्हा कळतं की सही बुटीबोरीच्या प्रमुखांची. हीच मागणी ३ जुलैला नोंदवली असती तर? आणि माझा आवडता प्रश्न: चौथ्या ईमेलच्या सीसीमध्ये बुटीबोरीचे प्रमुख नाहीत, मग त्या कनिष्ठ अधिकाऱ्यानं सहीसाठी त्यांच्याकडे जाण्याआधी काय करावं? पुण्याचा ईमेल त्यांना पुढे पाठवावा, नाहीतर ते सही का करतील? असं बोलणं सुरू झालं की वर्गातली झोप उडते. मुलं तावातावानं मराठीत भांडतात आणि आपली बाजू सिद्ध करायला इंग्रजी ओळीवर बोट ठेवतात. आकलनाच्या तासात मला याहून जास्त काही नको आहे.

याच्याशेजारी आपली आकलनाची परीक्षा ठेवून पाहा. एक सुटा उतारा, खाली प्रश्न. रिकाम्या जागा भरा, चूक की बरोबर ते सांगा. प्रश्नातले शब्द उताऱ्यात शोधायचे आणि ते वाक्य उतरवायचं, ही युक्ती शिकवणीत उघडपणे सांगितली जाते आणि ती चालतेही. कामाच्या जागेचं इंग्रजी तपासणारी टोइक ही परीक्षा अमेरिकेतल्या ईटीएस संस्थेची आहे आणि ती १९७९ मध्ये जपानमध्ये सुरू झाली. तिच्या वाचन विभागात १०० प्रश्न असतात आणि त्यातले ५४ ईमेल, नोटिसा, निवेदनं, जाहिराती अशा मजकुरावर. त्यातलेही २५ प्रश्न एकमेकांशी जोडलेल्या दोन किंवा तीन कागदांच्या संचांवर असतात. जपान-कोरियातल्या मुलांसाठी हे कित्येक वर्षं नेहमीचं आहे. त्या परीक्षेची पुस्तकं आणून इथं घोकायला लावा, असं मी मुळीच म्हणत नाही. तिथली ऑफिसं, तिथल्या सुट्ट्या, तिथली माणसं आपल्या मुलांना पुन्हा परकीच. पण कागदाला कागद जोडून वाचायला लावायचं, ही त्यांची पद्धत घेण्यासारखी आहे.

एकाच विषयावरचे ईमेल पुन्हापुन्हा का द्यायचे, वैविध्य का नको, असं काही शिक्षक विचारतात. कारण भाषाशिक्षणातलंच आहे. मदतीशिवाय मजकूर नीट समजायला त्यातले ९८ टक्क्यांच्या आसपास शब्द आधी माहीत असावे लागतात, असं पॉल नेशन यांचं संशोधन सांगतं. म्हणजे शंभरात दोनच अनोळखी. रोज नवा विषय, नवा उतारा दिला, तर कच्च्या मुलाला ही मर्यादा कधीच गाठता येत नाही. एकाच विषयाचं भरपूर वाचलं की तेच शब्द परत येतात, ओळखीचे होतात. स्टीफन क्रॅशन यांनी अशा अरुंद वाचनाचा आग्रह बऱ्याच आधी धरला होता. कंपनीच्या रचनेवरचे ईमेल यासाठी सोयीचे आहेत. त्यांचा शब्दसंग्रह छोटा आणि हट्टी आहे. वीस-पंचवीस ईमेल नीट वाचले की पुढच्या ईमेलमध्ये नवं असतं ते बहुधा माणसाचं नाव आणि तारीख.

या सगळ्याला हक्काचीही एक बाजू आहे आणि ती मला फार जवळची वाटते. आपण कोणाचे नोकर आहोत, हा प्रश्न आज नागपुरातल्या हजारो तरुणांना पडायला हवा. गेटवर पाटी एका कंपनीची, काम सांगणारा सुपरवायझर दुसरीचा, पगार तिसऱ्याच ठेकेदाराच्या खात्यातून. अशा ठिकाणी ईमेल येतो की तुमची सेवा आमच्या सहयोगी संस्थेकडे वर्ग करत आहोत, अटी त्याच राहतील. वाचणारा सुटकेचा श्वास टाकतो, अटी त्याच आहेत ना! पण मालक बदलला. पीएफचा यूएएन हा कायमचा क्रमांक तोच राहतो, मात्र त्या नोकरीपुरता असलेला मेंबर आयडी नवा निघतो. ग्रॅच्युइटीसाठीची सलग सेवा धरली जाणार की शून्यापासून मोजणार, याचं उत्तर त्या ईमेलमध्ये आहे की नाही? नसेल, तर ते लेखी कोणाला विचारायचं? ज्याला ईमेलमधली रचना दिसत नाही, त्याला हा प्रश्नच सुचत नाही, आणि सहा महिन्यांनी सुचून फायदा नसतो.

लेटरहेडच्या तळाशी छापलेली बारीक ओळसुद्धा वाचायला शिकवली पाहिजे. २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार लेटरहेडवर कंपनीचं नाव, नोंदणीकृत कार्यालयाचा पत्ता आणि सीआयएन हा ओळख क्रमांक छापावा लागतो. तो २१ अक्षर-अंकांचा असतो. पहिलं अक्षर एल असेल तर कंपनी शेअर बाजारात नोंदलेली, यू असेल तर नाही. पुढचे पाच अंक उद्योगाचा प्रकार सांगतात. मग राज्याची दोन अक्षरं, महाराष्ट्रासाठी एमएच. मग स्थापनेचं वर्ष. मग तीन अक्षरांत प्रकार, जसं पीएलसी म्हणजे पब्लिक आणि पीटीसी म्हणजे प्रायव्हेट. शेवटी सहा अंकी नोंदणी क्रमांक. नियुक्तिपत्र देणारी 'नामांकित, तीस वर्षं जुनी' कंपनी प्रत्यक्षात गेल्या वर्षी नोंदलेली प्रायव्हेट लिमिटेड आहे, हे नोकरीला हो म्हणण्याआधी त्या एका ओळीतून कळू शकतं. असा क्रमांक फोडून दाखवायला वर्गात अर्धा तास पुरतो, आणि ही गोष्ट मुलं घरी जाऊन सांगतात.

विरोधात बोलणाऱ्यांपैकी काहींचं म्हणणं मी मनापासून समजून घेतो. इंग्रजीचे प्राध्यापक म्हणतात, तुम्ही भाषेला कारकुनीवर आणून ठेवता. कविता, कथा, निबंध यांतून मन घडतं. बरोबर आहे, घडतं. कवितेचा एकही तास मी मागत नाही. मी मागतो ती अभ्यासक्रमाबाहेरच्या उताऱ्याची जागा. तिथं आज साहित्य नसतंच. शिस्तीचे फायदे, व्यायामाचं महत्त्व, पर्यावरण अशा विषयांवर कोणीतरी घाईनं लिहिलेले, चव नसलेले परिच्छेद असतात. ते गेल्यानं कोणाचं मन घडायचं राहणार नाही. शिवाय ईमेलच्या साखळीतही माणसंच असतात. ज्याची खुर्ची हलली त्याच्या दोन ओळींच्या आभाराच्या ईमेलमध्ये किती दुखावलेपण आहे, हे ज्याला वाचता आलं, तो कथाही बरी वाचेल.

मोबाइल सगळं भाषांतर करून देतो, मग कशाला शिकायचं, हा प्रश्न विद्यार्थीच विचारतात. कंपनीचा अंतर्गत ईमेल बाहेरच्या अॅपमध्ये टाकणं अनेक ठिकाणी नियमाविरुद्ध आहे, हे एक. त्याहून मोठं कारण असं, की भाषांतर अचूक असलं तरी हातात येतो तो न समजलेला मराठी ईमेल. उपकंपनी म्हणजे काय हे माहीत नसलेल्याला 'उपकंपनीत विलीनीकरण' वाचून काय कळणार?

आणि मराठीचा आग्रह धरणाऱ्यांना मी सांगेन, मी तुमच्याच बाजूचा आहे. महाराष्ट्रातल्या कंपन्यांनी नोकरीच्या अटी, बदल्या, पुनर्रचना यांची पत्रं मराठीतही द्यायला हवीत आणि ही मागणी लावून धरली पाहिजे. पण ती मान्य होईपर्यंत आजच्या मुलांना थांबवून ठेवता येणार नाही. वर सुचवलेला अर्धा अभ्यास मराठीतच व्हायचा आहे, हेही पाहावं. बारावी वाणिज्यची मराठी माध्यमाची मुलं 'चिटणिसाची कार्यपद्धती' या विषयात संचालक मंडळ, भागधारक, सभा, सूचना हे सगळं शिकतात. त्याच वर्षी शेजारच्या तासाला इंग्रजी शिकतात. एका तासातलं ज्ञान दुसऱ्या तासात न्यायला कोणी सांगत नाही. वाणिज्य आणि इंग्रजीच्या शिक्षकांनी सत्राच्या सुरुवातीला एक दुपार एकत्र बसून काढली, तरी हे कुंपण मोडेल.

साहित्य कुठून आणायचं? मिहान, हिंगणा, बुटीबोरीतल्या कंपन्यांकडून. नावं, आकडे, ग्राहक सगळं खोडून जुनी परिपत्रकं द्यायला त्यांची हरकत नसावी. नवा माणूस ईमेल वाचू शकत नाही याची किंमत शेवटी त्याच मोजतात. कॅम्पसला येऊन 'कम्युनिकेशन स्किल्स नाहीत' असा शेरा मारून जाण्यापेक्षा शंभर ईमेलचं एक बाड कॉलेजला देणं जास्त कामाचं आहे. विद्यापीठानं ते एका ठिकाणी ठेवावं, कोणत्याही महाविद्यालयाला फुकट घेता यावं.

खरी अडचण शिकवणाऱ्यांची आहे, हे मान्य करायला हवं. इंग्रजीच्या बहुतेक शिक्षकांनी कंपनीत एक दिवसही काढलेला नाही, आणि ज्यांनी काढला आहे ते शिकवायला येत नाहीत. पण या शहरात निवृत्त माणसांची एक मोठी फळी बसून आहे. रेल्वेच्या, वेकोलिच्या, वीज कंपन्यांच्या, महालेखापाल कार्यालयाच्या आस्थापना शाखेत तीस-पस्तीस वर्षं काढलेले कार्यालय अधीक्षक आणि हेड क्लार्क मनीषनगर, नरेंद्रनगर, त्रिमूर्तीनगरात सकाळी फिरायला निघतात. इंग्रजी पत्र हातात आलं की आधी तळाची प्रतींची यादी पाहायची, मग सही, मग संदर्भ क्रमांक आणि तारीख, आणि मजकूर सगळ्यात शेवटी, हे त्यांच्या हाताला बसलेलं आहे. त्यांच्यातल्या अनेकांचं शिक्षण मराठी शाळेतच झालं आणि इंग्रजी ते अशा कागदांवरच शिकले. प्रत्येक कॉलेजनं अशा दोघा-तिघांना मानधन देऊन आठवड्यातून एकदा बोलवावं. पाठ्यपुस्तक देऊ नये, व्याख्यान मागू नये. चार ईमेलची एक साखळी त्यांच्यापुढे ठेवावी आणि त्या पत्रात त्यांना आधी काय दिसतं, ते मुलांसमोर मोठ्यानं सांगायला लावावं.